सहीशेजारची तारीख बघा

‘युद्धानंतर एस्टोनियातले शेतकरी आपखुशीने सामूहिक शेतीत गेले, अर्जांवर त्यांच्याच सह्या आहेत.’ सह्या खऱ्या आहेत, म्हणूनच हे पटतं. पडताळायचं तर सहीशेजारची तारीख बघा.

१९४० मध्ये सोव्हिएत राजवटीने जमिनीला ३० हेक्टरांची मर्यादा घातली. १९४१ ते ४४ जर्मन अंमलात धान्य-दुधाची सक्तीची वसुली झाली. मग सोव्हिएत राजवट परतली आणि १९४७ पासून ‘कुलक’, म्हणजे श्रीमंत शेतकरी, ठरवलेल्यांवर जबर कर बसला. तरीही मार्च १९४९ च्या मध्यापर्यंत जेमतेम ८ टक्के शेतं सामील होती. २५ मार्चपासून चार दिवसांत २०,००० हून अधिक माणसं, बहुतेक बायका, मुलं, म्हातारी, मालडब्यांतून सायबेरियाला धाडली. महिन्याभरात आकडा ६४ टक्क्यांवर गेला. बहुतेक सह्या या महिन्यातल्या. सहीमागोमाग घोडा, नांगर, बियाणंही गेलं. उरली एखादी गाय आणि घरालगतचा अर्ध्या हेक्टरभराचा तुकडा.