रणातलं चिलखत वेगळं, सामन्यातलं वेगळं

नाइट, म्हणजे मध्ययुगीन युरोपातला चिलखती घोडेस्वार योद्धा, कसा दिसतो हे सगळ्यांना ठाऊक आहे: नखशिखान्त पोलाद, हातात लांब भाला, समोरून दौडत येणारा दुसरा स्वार. त्या चित्राबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याला चिकटून येणाऱ्या वाक्याची: ‘चिलखत इतकं जड असायचं, की नाइटला घोड्यावर चढवायला यारी लागायची आणि पडला की उठता यायचं नाही.’ मुलांच्या पुस्तकांत हेच, व्हॉट्सॲपवर हेच. १९४४ च्या एका इंग्रजी चित्रपटात तर नाइटला उचलून खोगिरात सोडताना दाखवलंय. हे साफ चूक आहे.

घोळ होतो तो दोन वेगळी चिलखतं एकच समजल्यामुळे. एक लढाईचं, दुसरं भाल्यांच्या सामन्याचं, म्हणजे जाउस्टचं. नक्षी, तुरे, घोड्याची झूल हे फरक किरकोळ. भाल्याचं टोक रणात अणकुचीदार, सामन्यात बहुधा बोथट. तेही एवढंच पुरे. लढाईत माणसाला हालचाल करायची असते, जाउस्टमध्ये फक्त एक धडक सोसायची असते. सगळं इथून सुरू होतं.

पंधराव्या शतकातलं लढाईचं पूर्ण चिलखत साधारण २० ते २५ किलोंचं. पण हे वजन अंगावर कुठे बसतं ते पाहा. आत गादीसारखा शिवलेला जाड अंगरखा, त्याला मेण लावलेल्या दोऱ्या. हातापायांचे भाग त्या दोऱ्यांनी जिथल्या तिथे बांधायचे. त्याआधीचं कड्यांचं चिलखत सगळं खांद्यांवरून लोंबायचं. हे अंगभर वाटलं जातं. कोपराशी आणि गुडघ्याशी अरुंद पत्रे कोळंबीच्या पाठीसारखे एकाखाली एक सरकतात, म्हणून हात पूर्ण मिटतो. फ्रान्सचा मार्शल बुसिको, जो १४१५ साली अझँकूरच्या लढाईत इंग्रजांच्या हाती सापडला, तो तरुणपणी शिरस्त्राण सोडून बाकी पूर्ण चिलखतात कोलांटी मारायचा, असं त्याच्या हयातीत लिहिलेल्या चरित्रात आहे. दमछाक व्हायची, हे मात्र खरं. २०११ साली लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी चिलखत घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवलं, तेव्हा चालायला जवळपास दुप्पट ऊर्जा लागली. पायांवरचं पोलाद प्रत्येक पावलाला उचलावं लागतं ना. पण दमणं वेगळं आणि उताणं पडून राहणं वेगळं.

आता जाउस्टचं चिलखत. पंधराव्या शतकाच्या शेवटी जर्मन मुलखात बनलेली अशी चिलखतं ४० किलोंच्या घरात जातात. शिरस्त्राणाचा आकार बेडकाच्या तोंडासारखा, आणि ते छाती-पाठीच्या पत्र्यांना पक्कं जखडलेलं, त्यामुळे मान वळवायची सोयच नाही. स्वार पुढे झुकला तरच फटीतून समोरचं दिसतं. धडकेच्या क्षणी तो ताठ होतो, फट आभाळाकडे जाते आणि भाल्याच्या ढलप्या डोळ्यांत शिरत नाहीत. त्या क्षणी तो आंधळा असतो, आणि ते मुद्दामच. याची किंमत फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याच्या मृत्यूवरून कळते: १५५९ साली पॅरिसमध्ये प्रतिस्पर्ध्याचा भाला मोडला, ढलपी त्याच्या मुखपटातून डोळ्यापाशी घुसली आणि दहा दिवसांनी राजा गेला.

असल्या जखडलेल्या पोशाखात पायी लढणं अशक्यच. पण त्यात लढायचंच नव्हतं! ठरलेली धाव, अनेकदा मध्ये कठडा, धडक, संपलं. लोक संग्रहालयात हे सामन्याचं चिलखत बघतात आणि रणांगणावरच्या नाइटला लुळा ठरवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ओळखायचं असेल तर आधी डावा खांदा बघा. कठड्याच्या दोन बाजूंनी येणारे स्वार डाव्या अंगानेच समोरासमोर येत, म्हणून सामन्याच्या चिलखतात ती बाजू जाड पत्र्याची, जादा तुकडे चढवलेली असते. उजव्या छातीवर भाला टेकवायचा आकडा दिसेल, पण त्याच्यावरून काही ठरवू नका; तो लढाईच्या चिलखतावरही असतो.