तार का तापते : जूलपासून आजच्या गणितापर्यंत

हरभऱ्याच्या ओलिताला 5 एचपीची थ्री-फेज मोटार लावली, की पूर्ण व्होल्टेजवर ती साधारण साडेसात अँपिअर ओढते. विदर्भात डीपी आणि विहीर यांच्यात अंतर बरंच असतं. 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल 150 मीटर टाकली, तर 20 अंशांना एका तारेचा रोध होतो 0.64 ओहम, आणि तिन्ही तारा मिळून सुमारे 108 वॅट नुसते तापण्यात जातात. व्होल्टेज पडलं की तेवढंच पाणी उपसायला मोटार जास्त करंट ओढते. 10 अँपिअरला हेच 192 वॅट होतात. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. म्हणजे 70 अंशांवर गेलेली केबल त्याच करंटला आणखी वीस टक्के उष्णता सोडते.

उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, हा नियम इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स जूलने 1841 मध्ये मांडला. 1853 मध्ये वीडमान आणि फ्रान्झ यांना दिसलं, की जो धातू वीज चांगली नेतो तोच उष्णताही चांगली नेतो. दोन्ही वाहकतांचं गुणोत्तर एकाच तापमानाला जवळजवळ सगळ्या धातूंत सारखं येतं. कारण मात्र कोणाला सांगता येत नव्हतं.

1900 मध्ये ड्रुडने इलेक्ट्रॉनांना वायूच्या कणांसारखं धरलं. ते अणूंवर आदळतात, म्हणून रोध. त्याचं गुणोत्तर प्रयोगाशी बऱ्यापैकी जुळलं, पण ते दोन मोठ्या चुका एकमेकींना खाऊन टाकत होत्या म्हणून. इलेक्ट्रॉनांची उष्माधारकता (तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता) त्याने सुमारे शंभरपट जास्त धरली होती आणि वेगाचा वर्ग सुमारे शंभरपट कमी. सोमरफेल्डने 1927-28 मध्ये क्वांटम सांख्यिकी (दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहत नाहीत, हे धरून केलेली मोजणी) वापरून हिशोब दुरुस्त केला. गुणोत्तराला तापमानाने भागलं की 2.44×10⁻⁸ (वॅट-ओहम प्रति केल्विन वर्ग) आलं पाहिजे. तांब्यावर हातानेच ताळा करता येतो : उष्णतावाहकता 400, रोधकता 1.7×10⁻⁸, तापमान 293 केल्विन. उत्तर येतं 2.3×10⁻⁸.

खरा धक्का 1928 मध्ये ब्लॉखने दिला. अणूंची मांडणी पूर्ण नियमित असेल तर इलेक्ट्रॉनची लहर त्यातून अडथळ्याविना जाते. अणू असणं हा अडथळाच नाही. रोध येतो अणूंच्या थरथरण्यामुळे आणि धातूतल्या अशुद्धीमुळे. नेहमीच्या तापमानाला तांब्यातला इलेक्ट्रॉन दोन विखुरण्यांमध्ये सुमारे 40 नॅनोमीटर जातो, म्हणजे दीडशे अणूंएवढं अंतर. केबल तापली की थरथर वाढते, हे अंतर घटतं; वरचे 0.39 टक्के इथून येतात.

1957 मध्ये वाहकतेचा हिशोब करायच्या दोन वाटा निघाल्या. कुबोने वाहकतेचं सूत्र समतोलात, म्हणजे बाहेरून व्होल्टेज नसताना, करंटमध्ये आपोआप होणाऱ्या चढउतारांवरून काढलं. लँडाउअरने वाहकता म्हणजे इलेक्ट्रॉन आरपार जाण्याची शक्यता, असं मांडलं. अरुंद, निर्मळ मार्गातून इलेक्ट्रॉन विनाअडथळा गेले, तरी एका मार्गिकेला 12.9 किलो-ओहम रोध उरतो, आणि उष्णता मार्गात नाही तर दोन्ही टोकांच्या जोडणीपाशी निघते. वाहकतेच्या या पायऱ्या 1988 मध्ये प्रत्यक्ष मोजल्या गेल्या. (केबलचा ढिला जॉइंट तापतो तो वेगळ्या कारणाने : तिथे धातू मोजक्या ठिपक्यांवरच टेकलेला असतो आणि ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसतो.)

गणितज्ञांची अडचण याहून खोल आहे. इलेक्ट्रॉनची लहर काळाबरोबर कशी बदलते ते सांगणारं श्रोडिंगरचं समीकरण उलट्या काळातही चालतं. तापलेली तार मात्र आपली उष्णता परत करंटमध्ये घालत नाही. 1978 मध्ये पुझ आणि व्होरोनोविच यांनी दाखवलं, की समतोलातल्या क्वांटम प्रणालीवर बाहेरचं बल लावून ते पुन्हा काढून घेतलं, तर तिच्यातून निव्वळ काम निघत नाही. जूलची उष्णता ऋण का होत नाही, याचं हे पक्कं उत्तर आहे. ती किती निघेल, ते मात्र त्यातून ठरत नाही.

अँडरसनने 1958 मध्ये सांगितलं होतं, की अशुद्धी फार वाढली तर इलेक्ट्रॉन जागीच अडकतात. फ्रोलिश आणि स्पेन्सर यांनी 1983 मध्ये अँडरसनच्या प्रतिमानात (गणिती नमुन्यात) अशुद्धी तीव्र असेल तर इलेक्ट्रॉन पसरत नाहीत, हे सिद्ध केलं. पण त्याच प्रतिमानात अशुद्धी थोडी असेल, तर तीन मितींत इलेक्ट्रॉन पसरत जातो, ही साध्या तांब्याच्या तारेची गोष्ट, गणिताने अजून सिद्ध झालेली नाही.