कल्ट आणि सार्वजनिक जीवनातील धर्म

कल्ट म्हणजे बहुधा एका हयात नेत्याभोवती उभा राहिलेला गट. त्यात नेत्याला कोणी जाब विचारू शकत नाही आणि अनुयायाचा पैसा, वेळ, नातीगोती हळूहळू गटाच्या ताब्यात जातात. ही व्याख्या कामचलाऊ आहे, सर्वमान्य नाही. धर्माचे बरेच अभ्यासक हा शब्द टाळून ‘नवधार्मिक चळवळ’ म्हणतात, कारण बोलण्यात तो ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ याच न्यायाने वापरला जातो.

सरकारला मात्र या वादातून अंग काढून घेता येत नाही. करसवलत कोणाला द्यायची, शाळा कोणी काढायची, विभक्त आईबापांपैकी मूल कोणाकडे राहणार, हे ठरवताना धर्म कुठे संपतो आणि फसवणूक कुठे सुरू होते हा प्रश्न समोर येतोच.

श्रद्धा विचित्र वाटते हा निकष टिकत नाही. बाहेरच्याला कोणत्याही धर्मातले काही ना काही अचाट वाटतेच. नवेपणा किंवा लहान संख्या हेही निकष नव्हेत, कारण आजचे मोठे धर्म कधी काळी मूठभर माणसांचेच होते. उरते ते वर्तन. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी चीनमधील कम्युनिस्ट राजवटीच्या सक्तीच्या ‘विचारसुधारणे’तून गेलेल्यांच्या मुलाखतींवरून १९६१ मध्ये आठ लक्षणे मांडली. बाहेरच्या माहितीवर पहारा, कबुलीजबाबाची सक्ती आणि विचार थांबवणारी ठरीव भाषा ही त्यांपैकी काही. व्यवहारात याहून साधा प्रश्न अधिक उपयोगी पडतो : सोडून जाऊ पाहणाऱ्याचे काय होते?

जिम जोन्सच्या पीपल्स टेंपल या अमेरिकी पंथाने दक्षिण अमेरिकेतील गयानाच्या जंगलात वसवलेल्या जोन्सटाउनमध्ये याचे उत्तर दिसले. तिथे सदस्यांचे पासपोर्ट काढून घेतले जात, पत्रे तपासली जात, ध्वनिवर्धकावरून जोन्सचा आवाज तासन्‌तास कानांवर आदळे. सामूहिक मरणाच्या तालमीही झाल्या होत्या. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी, तक्रारींची शहानिशा करायला आलेले अमेरिकी काँग्रेसचे सदस्य लिओ रायन परत निघाले. बाहेर पडू इच्छिणारे काही जण त्यांच्याबरोबर होते. धावपट्टीवरच रायन यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याच दिवशी वस्तीत ९०० हून अधिक माणसे मेली, बहुतेक सायनाइडने. त्यांत सुमारे ३०० मुले होती. तेव्हा या प्रकाराला सरसकट ‘सामूहिक आत्महत्या’ म्हणणे चूक आहे.

या काळात ब्रेनवॉशिंगच्या कल्पनेने जोर धरला. काही पालक तर माणसे भाड्याने लावून आपल्या सज्ञान मुलांना उचलून आणीत आणि डांबून ठेवून त्यांचे ‘डीप्रोग्रामिंग’, म्हणजे गटावरची श्रद्धा जबरदस्तीने मोडून काढणे, करवीत. म्हणजे रोगापेक्षा इलाजच भयंकर. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी दक्षिण कोरियात उगम पावलेल्या युनिफिकेशन चर्च या पंथाच्या शिबिरांचा अभ्यास करून १९८४ मध्ये दाखवून दिले, की शिबिराला आलेल्यांपैकी बहुसंख्य लोक सदस्य झालेच नाहीत आणि झालेल्यांतलेही बरेच पुढे आपणहून बाहेर पडले. मन पुरते ताब्यात घेणारी विद्या कोणाकडे असती, तर असे घडले नसते. दबाव, भीती आणि लाज यांनी माणूस बांधला जातो, हे मात्र खरे.

फ्रान्सने आधी यादीचा मार्ग धरला. १९९५ मध्ये संसदीय चौकशी समितीने १७० हून अधिक गटांची नावे छापली. त्या यादीला कायद्याचे बळ नव्हते, तरी नाव आले की बदनामी ठरलेलीच. २००५ मध्ये पंतप्रधानांच्या परिपत्रकाने प्रशासनाला या यादीवर विसंबू नका असे सांगितले. त्याआधीच, २००१ च्या कायद्याने, माणसाच्या दुर्बल अवस्थेचा गैरफायदा घेणे हा गुन्हा ठरवला होता. हा दुसरा मार्ग शहाणपणाचा, कारण त्यात श्रद्धा नव्हे, कृती तपासली जाते. ‘कल्ट’ असा शिक्का मारण्याची सत्ता सरकारच्या हाती गेली की काय होते, ते चीनने १९९९ पासून फालुन गोंग या ध्यानपंथावर केलेल्या कारवाईत आणि रशियाने २०१७ मध्ये जेहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथावर घातलेल्या बंदीत दिसते.

उलट टोकाचे उदाहरण जपानचे. तिथल्या ओम शिनरिक्यो या पंथाला ऑगस्ट १९८९ मध्ये धार्मिक संस्था म्हणून मान्यता मिळाली. नोव्हेंबरात तिच्या माणसांनी, संस्थेविरुद्ध लढणाऱ्या एका वकिलाला पत्नी आणि तान्ह्या मुलासह ठार केले. गुरू शोको असाहाराच्या मेंदूलहरींशी आपल्या लहरी जुळवण्यासाठी अनुयायी डोक्यावर विजेच्या तारा जोडलेली टोपी घालून वावरत. धर्माच्या कामात ढवळाढवळ नको म्हणून पोलीस बिचकत राहिले आणि २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला गेला.

धर्माने सार्वजनिक चर्चेत किती बोलावे, यावर अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचे म्हणणे असे, की कायद्यामागची कारणे श्रद्धा नसलेल्यालाही पटण्याजोगी हवीत. जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास थोडी ढील देतात : चौकात धर्माच्या भाषेत खुशाल बोला, पण संसदेत आणि न्यायालयात ते सर्वांच्या भाषेत आणा. या चर्चेत मतांच्या गठ्ठ्यांचा आणि निवडणुकीतल्या फुकट कार्यकर्त्यांचा विषय सहसा येत नाही. २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्या हत्येनंतर तो जपानमध्ये उघड्यावर आला. मारेकऱ्याच्या आईने युनिफिकेशन चर्चला दिलेल्या देणग्यांनी घर धुळीला मिळाले होते. आणि सत्ताधारी पक्षाने केलेल्या पाहणीत त्याच्याच जवळपास निम्म्या खासदारांचा त्या चर्चशी काही ना काही संबंध निघाला. मार्च २०२५ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने चर्चच्या विसर्जनाचा आदेश दिला, तोही फौजदारी गुन्ह्यावरून नव्हे, तर देणग्या उकळताना झालेल्या दिवाणी अन्यायांवरून. अशा आदेशाने संस्थेचा कायदेशीर दर्जा आणि करसवलत जाते. एकत्र जमून प्रार्थना करायला बंदी येत नाही.