पर्सनलाइज्ड न्यूज फीड

वाचकाला कशात रस आहे ते ओळखून त्याच बातम्या त्याच्यापुढं आधी आणायच्या, या पद्धतीला पर्सनलाइज्ड न्यूज म्हणतात, बोलताना नुसतं फीड. गूगल न्यूज, गूगल डिस्कव्हर, डेलीहंट, फेसबुक सगळं थोड्याफार फरकानं असंच चालतंय. कोल्हापुरात एकाच घरात एकाच वायफायवर बसलेल्या बापलेकाचे मोबाइल शेजारी शेजारी ठेवून बघा, बापाला ऊसदर, एफआरपी (उसाला द्यायचा किमान दर) आणि गोकुळ दूध संघाचं राजकारण, पोराला शाहू स्टेडियमवरची फुटबॉल मॅच आणि नव्या बाइकचे रिव्ह्यू, आणि दोघांनाही वाटतंय की आज एवढंच घडलं.

ही कल्पना मोबाइलच्या लय आधीची. 1958 साली आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी अशी योजना मांडली होती की प्रत्येक माणसाच्या कामाचे विषय मशीनमध्ये भरून ठेवायचे आणि नवा कागद आला की ज्याच्या विषयाशी जुळंल त्यालाच कळवायचं. पुढं 1994 मध्ये अमेरिकेत ग्रुपलेन्स नावाचा प्रयोग झाला, त्यात लोक लेखांना मार्क द्यायचे आणि तुमच्यासारखे मार्क देणाऱ्यांना जे आवडलं ते तुम्हाला सुचवलं जायचं. 1995 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या निकोलस निग्रोपोंटे यांनी 'डेली मी' म्हणजे एकट्या माझ्यासाठीचा पेपर ही कल्पना लोकप्रिय केली. गूगल न्यूज 2002 मध्ये आलं, 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर एकाच घटनेच्या वेगवेगळ्या पेपरातल्या बातम्या एकत्र बघता याव्यात म्हणून कृष्ण भरत यांनी ते बनवलं, सुरुवातीला ते सगळ्यांना सारखंच दिसायचं, वाचकाप्रमाणं बदलणं नंतर आलं. फेसबुकचं न्यूज फीड 2006 चं. आपल्या भाषांपुरतं बोलायचं तर 2009 मध्ये सुरू झालेलं न्यूजहंट, ज्याचं 2015 मध्ये डेलीहंट झालं.

तसं बघितलं तर छापील पेपरही थोडंफार हेच करत आलाय. शहर आवृत्ती वेगळी, ग्रामीण वेगळी, तालुक्याची पानं वेगळी, लांब जाणारी डाक आवृत्ती आधी छापून निघणार म्हणून तिच्यात रात्री उशिराची बातमी नसणार. पण तिथं गडहिंग्लजच्या सगळ्या वाचकांना एकच पान मिळायचं. फीडमध्ये गडहिंग्लजमधल्या प्रत्येकाचं पान वेगळं, आणि शेजाऱ्याला काय दिसलं ते आपल्याला कधीच कळत नाही, खरा फरक तिथंच आहे असं मला वाटतं.

आत काय चालतं? मुख्य रस्ते दोन. पहिल्यात मशीन बातमीचा मजकूर वाचतं, त्यातले शब्द, नावं, गावं, विषय यांचे आकडे बनवतं आणि तुम्ही आधी वाचलेल्या बातम्यांच्या आकड्यांशी जुळवून बघतं. दुसऱ्यात मजकुराकडं बघतच नाही, तुमच्यासारखं क्लिक करणाऱ्या बाकीच्यांनी काय उघडलं एवढंच बघतं. बहुतेक ॲप दोन्ही मिसळून वापरतात, वर लोकेशन, वेळ, किती सेकंद वाचलं, कुठं स्क्रोल थांबवलं, काय शेअर केलं, कुठलं नोटिफिकेशन न बघताच उडवलं, हे सगळं धरलं जातं. म्हणजे लाइक केलं नाही तरी नोंद होतेच.

सिनेमा सुचवण्यापेक्षा बातमी सुचवणं अवघड, कारण सिनेमा वर्षानुवर्षं टिकतो आणि बातमी संध्याकाळपर्यंत शिळी होते. नवी बातमी आली तेव्हा ती कुणीच उघडलेली नसते, मग ती कुणाला आवडेल हे कसं ठरवायचं? त्यासाठी थोड्या लोकांना मुद्दाम दाखवून बघतात आणि क्लिक आले तर पुढं ढकलतात. याहूच्या मुख्य पानावर हा उपाय कसा चालतो यावर 2010 मध्ये संशोधन प्रसिद्ध झालं आणि या क्षेत्रात ते आजही शिकवलं जातं.

आता कोल्हापूरची अडचण. इथल्या बातम्या थोड्या, वाचक पेठापेठांत आणि तालुक्यांत वाटलेले, त्यामुळं अशी चाचणी घ्यायला पुरेसे क्लिकच मिळत नाहीत. चंदगडातला रस्ता खचल्याची बातमी मुंबई-पुण्याच्या बातमीपुढं क्लिकमध्ये कधीच जिंकणार नाही. त्यात नावांचा घोळ. शिवाजी तरुण मंडळ हा फुटबॉल संघ, शिवाजी विद्यापीठ, शिवाजी पेठ आणि थेट शिवाजी महाराज, मशीनला हे वेगळं करता आलं नाही तर पाटाकडील विरुद्ध शिवाजी या फुटबॉल मॅचचा निकाल शोधणाऱ्याला विद्यापीठाच्या परीक्षेचा निकाल येतो.

उलट एखादा विषय पेटला की फीड त्यालाच धरून बसतं. 2025 च्या जून महिन्यात प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारख्या चपला दिसल्या, आणि लगेच जुलैत नांदणी मठाची माधुरी हत्तीण गुजरातमधल्या वनतारा या प्राणी केंद्रात नेली. त्या दिवसांत एक बातमी उघडली की मागं तसल्याच दहा, तेच फोटो, तीच वाक्यं, फक्त मथळा बदललेला. माहिती वाढत नाही, फक्त तापमान वाढतंय.

या पद्धतीची खरी परीक्षा पुरात होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 ला धोका पातळी, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की खालच्या गावांनी लगेच हिशोब मांडायचा. ही बातमी आवडीची नाही, गरजेची आहे. ज्यानं वर्षभर फक्त क्रिकेट बघितलं त्यालाही ती सगळ्यात वर दिसली पाहिजे, आणि कालची पातळी आज दाखवून उपयोग शून्य. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे पाण्याखाली गेला, अशा वेळी क्लिक जास्त मिळालेला जुना व्हिडिओ वर आणि ताजी पातळी खाली असं झालं तर माणूस चुकीच्या रस्त्याला लागतो. म्हणून पूर, रस्ते, पाणीपुरवठा, वीज असल्या बातम्या आवडीच्या गणितातून बाहेर काढून त्या भागातल्या सगळ्यांना सारख्या दाखवाव्यात, हे माझं स्पष्ट मत. फुटबॉलचं मात्र आवडीप्रमाणंच ठेवा, त्यात काय वाईट न्हाई.

टीकेतला सगळ्यात गाजलेला शब्द 'फिल्टर बबल', अमेरिकी लेखक एली परायझर यांनी 2011 मध्ये आणलेला. माणूस आपल्याच मतांच्या बातम्यांत कोंडला जातो असं त्यांचं म्हणणं. पण पत्रकारितेचा अभ्यास करणाऱ्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटनं तोवर झालेल्या संशोधनांचा 2022 मध्ये आढावा घेतला तेव्हा असे बबल समजतात तेवढे सर्रास नाहीत असं दिसलं, बरेच जण टीव्ही, पेपर, ॲप सगळंच थोडं थोडं बघतात. कोल्हापुरात तर गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच, तिथं नको असलेली बातमीही येऊन आदळते.

फीड थोडंफार ताब्यात ठेवता येतं. बऱ्याच ॲपमध्ये विषय फॉलो करणं, 'यात रस नाही' दाबणं, ॲक्टिव्हिटी हिस्टरी पुसणं, लोकेशन बंद करणं हे पर्याय असतात, पण सेटिंगमध्ये इतके आत की सापडेपर्यंत माणूस कंटाळतो. युरोपात डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टप्रमाणं मोठ्या प्लॅटफॉर्मना वाचकाच्या प्रोफाइलवर, म्हणजे त्याच्या जमवलेल्या माहितीवर, न चालणारं फीड हा एक पर्याय द्यावाच लागतो. आपल्याकडच्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात वैयक्तिक माहिती वापरायला संमती घेण्याचा मुद्दा आहे, पण फीडचा क्रम बदलायचा पर्याय द्याच अशी सक्ती त्यात नाही.