भट्टीपुढचं स्विस घड्याळ

छत्रपती संभाजीनगरच्या एका हॉटेलात माझा जुना विद्यार्थी मुख्य आचारी आहे. पाच वर्षं आखातात काढून आला तो मनगटावर स्विस ऑटोमॅटिक घड्याळ बांधूनच. २०१० साली एकाच दिवशी दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेणारं हे गाव, इथं महागड्या घड्याळाचं कुणाला अप्रूप नाही. पण भटारखान्यात? मे महिन्यातल्या एका दुपारी तो ते घड्याळ घेऊन घरी आला. "सर, रोज दोन-दोन मिनिटं पुढं पळायलंय. तंदूरच्या झळीनं बाद झालं का काय?"

"पुढं पळतंय ना? मग झळ निर्दोष आहे," मी म्हटलं.

त्याला ते पटलं नाही. पटण्यासारखं नव्हतंच, कारण हॉटेलातल्या सगळ्यांनी आधीच तंदूरला दोषी ठरवलं होतं.

या घड्याळात सेल नसतो. गुंडाळलेली मोठी स्प्रिंग ताकद पुरवते आणि वेळ मोजतं ते बॅलन्स व्हील नावाचं एक इवलंसं चाक. केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगच्या जोरावर ते डावी-उजवीकडे डोलतं. बहुतेक नव्या घड्याळांत सेकंदाला ८ ठोके पडतात, म्हणजे दिवसाला ६,९१,२०० ठोके. या स्प्रिंगचा ताठपणा किंचित बदलला की वेळ बिघडली. पोलाद तापलं की मऊ पडतं, चाकाचे डोल लांबतात आणि घड्याळ मागं पडतं. जुन्या साध्या पोलादी हेअरस्प्रिंगचं घड्याळ एका अंशाच्या वाढीला दिवसाकाठी दहा-बारा सेकंद मागं पडायचं. २५ अंशांवर लावलेलं असं घड्याळ ४२ अंशांच्या परभणीत नेऊन ठेवलं, तर ते रोज तीनेक मिनिटं गमावेल. गमावेल, कमावणार नाही.

हा रोग शार्ल एदुआर गीयोम या स्विस शास्त्रज्ञानं संपवला. लोखंड आणि निकेलच्या मिश्रधातूंवर काम करताना त्याला तापमानाला फारशी दाद न देणारे धातू सापडले. एकाची लांबी जवळपास बदलत नाही, तर दुसऱ्याचा ताठपणा. या कामासाठी १९२० सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. पुढच्याच वर्षीचं आइन्स्टाइनला, म्हणून गीयोमचं नाव कुणाच्या तोंडी नसतं. तरी आजच्या हेअरस्प्रिंगचा धातू त्याच घराण्यातला आहे. स्वित्झर्लंडची कॉस्क ही संस्था घड्याळाला 'क्रोनोमीटर' म्हणण्याआधी १५ दिवस तपासते. त्यात ८, २३ आणि ३८ अंशांची चाचणी असते आणि एका अंशामागं दिवसाला ०.६ सेकंदाहून जास्त फरक चालत नाही. आपला मे ३८ अंशांत मावत नाही, हे खरं. पण मनगटावरच्या घड्याळाखालून रक्त वाहत असतं आणि ते त्याला फार तापू देत नाही. नानखलियाचा नान तंदूरला थापायला हात आत जातो तो क्षणभरच. तेवढ्यात चकचकीत स्टील बरीचशी झळ परतवून लावतं.

मग दोन मिनिटं आली कुठून? मी नातवाच्या कंपासपेटीतलं छोटं होकायंत्र काढलं आणि घड्याळाजवळ नेलं. सुई थरथरली आणि वळून घड्याळाकडं तोंड करून बसली.

"सुऱ्या कशावर लावता?" मी विचारलं.

"भिंतीवर चुंबकाची पट्टी हाय की. ओट्याच्या वरच."

चुंबकत्व शिरलं की हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटू पाहतात. दोन वेढे चिकटले की स्प्रिंगची कामाची लांबी घटते. आखूड स्प्रिंग जास्त ताठ, म्हणून चाक भराभर डोलतं आणि घड्याळ पुढं धावतं. 'अँटिमॅग्नेटिक' म्हणवणाऱ्या साध्या घड्याळानं साधारण ६० गाउसचं (गाउस हे चुंबकाच्या जोराचं माप) चुंबकीय क्षेत्र सोसलं पाहिजे, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. सुऱ्यांच्या पट्टीतल्या ताकदवान चुंबकाच्या अंगालगत हा आकडा हजारांत जातो. हातभर अंतरावर त्याचं काही चालत नाही. पण हा पठ्ठ्या दिवसातून शंभर वेळा सुरी काढणार आणि लावणार, मनगट दर वेळी पट्टीला घासणार. इंडक्शनच्या शेगडीवर माझा संशय कमी. तिचं क्षेत्र सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतं आणि घड्याळजीकडचं चुंबकत्व उतरवायचं यंत्रसुद्धा उलटसुलट क्षेत्रावरच चालतं. गुलमंडीजवळच्या एका घड्याळजीनं त्या यंत्रावरून घड्याळ फिरवलं. मिनिटभराचं काम.

महिन्याभरानं तो पुन्हा आला. वेळ बरोबर होती, पण काचेच्या आतल्या बाजूला धुकं. इथंही झळीवर खापर फोडता येत नाही, गुन्हेगार आहे ये-जा. रश्श्याच्या वाफेत घड्याळ ४५ अंशांपर्यंत तापलं आणि लगेच तो ४ अंशांच्या कोल्ड रूममध्ये शिरला, तर डबीतल्या हवेचा दाब सुमारे १३ टक्के उतरतो. रबरी सील जरा जरी कडक झालं असेल, तर ती पोकळी बाहेरची ओल आत ओढते. गरम पाणी, साबण आणि तेलकट वाफ सील कडक करण्याचंच काम करतात. तबकडीवरचे '३० मीटर' हे थंड, स्थिर पाण्याच्या दाबाचे आकडे. भांडी घासायच्या हौदातल्या गरम साबणाच्या पाण्याची परवानगी त्यात नाही.

घड्याळ काढून त्यानं हातावर ठेवलं तेव्हा मला पट्ट्याच्या कड्या दिसल्या. प्रत्येक जोडाच्या फटीत करडा, चिकट मळ होता. पीठ, तेल आणि घाम मिळून झालेला. मला खरी धास्ती वाटली ती इथं, घड्याळाची नव्हे, जेवणाऱ्यांची. आपल्या कातडीवर आणि नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू अनेकदा मुक्कामाला असतो. पट्ट्याखालची उबदार, ओलसर जागा त्याला मानवते. हात धुताना साबण तिथं पोचत नाही. तोच घाम मनगटावरून कापलेल्या कांद्यात, मळलेल्या कणकेत, शिजून निवत ठेवलेल्या खिरीत उतरतो. जीवाणू उकळीनं मरतो. पण त्यानं अन्नात सोडलेलं विष अर्धा तास उकळूनही टिकतं. ते पोटात गेलं की अर्ध्या तासापासून आठेक तासांत उलट्या सुरू होतात. दालच्याची देग पुन्हा गरम केली म्हणून सुटका नाही. अमेरिकेच्या अन्न नियमावलीत अन्न हाताळणाऱ्याच्या हातात साध्या अंगठीखेरीज काही चालत नाही, घड्याळसुद्धा नाही. मला तो नियम अजिबात जाचक वाटत नाही.

हे सगळं ऐकून तो गप्प बसला. मग म्हणाला, "पटलं सर. आता ड्युटीवर चढताना काढूनच ठेवतो." आणि घड्याळ पँटच्या खिशात टाकलं, मोबाइलला अगदी खेटून.

मोबाइलच्या स्पीकरमध्येही चुंबक असतं, हे त्याला दारापर्यंत जाऊन सांगावं लागलं.