पाणी लाल नाही, म्हणजे शिंपले निर्धोक?

‘समुद्र लालसर दिसला तरच शिंपले विषारी. पाणी स्वच्छ असेल तर बिनधास्त खा, शंका आली तर चांगले उकळा.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. पटतोही, कारण रंग डोळ्यांना दिसतो.

पण रंग येतो तो सूक्ष्मजीवांच्या गर्दीमुळे. विष आहे की नाही, हे त्यांच्या जातीवर ठरतं. नॉक्टिल्युका पाणी गडद लाल करते, रात्री लाटांत निळी चमकतेही, पण शिंपल्यांत साठणारं विष ती बनवत नाही. (तिचा उपद्रव वेगळा: अमोनिया वाढतो, ऑक्सिजन घटतो, मासे मरतात.) अलेक्झांड्रियमचं उलट. लिटरभर पाण्यात तिच्या हजारभर पेशी असल्या तरी रंग बदलत नाही. शिंपला मात्र तेच पाणी अखंड गाळत राहतो आणि तिने बनवलेलं सॅक्सिटॉक्सिन हे विष त्याच्या अंगात साठत जातं.

उकळल्याने जीवाणू मरतात. हे विष जिवंत नसतं, तो उष्णतेला दाद न देणारा रेणू आहे. गोठवूनही तो जात नाही.

मग ओळखायचं कसं? पाण्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की जात कळते. खरा निकाल शिंपल्याच्या मांसाच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीतून मिळतो. अनेक देशांत किलोमागे ०.८ मिलिग्रॅम ही सॅक्सिटॉक्सिन गटाची मर्यादा आहे. उपग्रहचित्रं हरितद्रव्य दाखवतात, विष नाही. आणि एकदा तपासून काम भागत नाही, कारण अलेक्झांड्रियमच्या सुप्त पेशी तळाच्या गाळात कित्येक वर्षं टिकून पुन्हा उगवतात.