तव्यावरचा ओवा, निखाऱ्यावरचा ओवा

घरात बाळ-बाळंतीण असली की आजी शेगडीतल्या निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा टाकायची. क्षणभर झणझणीत वास, आणि लगेच डोळ्यांत पाणी आणणारा धूर. पण कुणाला सर्दी झाली की तोच ओवा ती तव्यावर कोरडाच गरम करायची, फडक्यात बांधायची आणि पुरचुंडी हुंगायला द्यायची. त्यात धूर नाही, नुसता वास. हर्बल व्हेपोरायझर, म्हणजे सुका पाला न जाळता तापवून त्याची वाफ ओढायला देणारं यंत्र, निखारा बाजूला ठेवून तव्याचं काम करतं.

झुरका मारताना सिगारेटचं टोक साधारण ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. एवढ्या उष्णतेत पानातले घटक तुटतात आणि त्यांतून भलतीच रसायनं जन्माला येतात. तंबाखूच्या धुरात अशी सात हजारांहून जास्त रसायनं आढळली आहेत आणि त्यांतली सत्तरेक कर्करोगाला कारणीभूत ठरतात. निकोटिन मुळात पानातच असतं. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र जळण्यातून येतात. त्यामुळे ‘तंबाखू नाही, शुद्ध वनस्पती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या विड्या-सिगारेटींचं मला काडीचंही कौतुक नाही. तुळस पेटवली तरी कार्बन मोनॉक्साइड निघणारच.

सुगंधी द्रव्यांना उडायला एवढी आग लागत नाही. निलगिरीतलं युकॅलिप्टॉल १७६ अंशांना उकळतं, ओव्यातलं थायमॉल २३२ अंशांना. शिवाय उडण्यासाठी उकळावंच लागतं असंही नाही. दोरीवरचा ओला सदरा न उकळताच वाळतो. म्हणून ही यंत्रं साधारण १६० ते २२० अंशांच्या पट्ट्यात चालतात. त्याच्या फार वर गेलं की पाला करपू लागतो, आणि मग यंत्र असून नसून सारखंच.

जर्मनीतल्या टुटलिंगेनच्या स्टॉर्झ अँड बिकेल कंपनीचं ‘व्होल्केनो’ हे यातलं नावाजलेलं यंत्र. ते पाल्यातून गरम हवा सोडतं आणि वाफ फुग्यात भरून घेतं. सॅन फ्रान्सिस्कोत डोनाल्ड अब्राम्स यांच्या गटानं २००७ साली १८ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच माणसांना गांजा एकदा सिगारेटमधून, एकदा या यंत्रातून दिला. रक्तात औषधी द्रव्य जवळपास तेवढंच पोचलं, पण श्वासातला कार्बन मोनॉक्साइड यंत्राच्या वेळी फारच कमी वाढला. प्रयोग छोटा होता; त्यावरून वाफ निर्धोक ठरत नाही, धुरापेक्षा बरी एवढंच दिसतं.

जिथे हे यंत्र कायदेशीर आहे तिथे ते घेताना आधी पाहावं ते तापवण्याच्या पद्धतीकडे. स्वस्त यंत्रात पाला तापलेल्या भिंतीला टेकतो. न उलटलेल्या भाकरीसारखा एका बाजूनं करपतो, दुसऱ्या बाजूनं कच्चा. मधूनमधून ढवळावं लागतं. गरम हवेवर चालणाऱ्यात तो सगळीकडून सारखा तापतो, पण किंमत चढते. तापमान अंशांत ठरवता येत नसेल तर बाकीच्या करामतींना अर्थ नाही. वाफेची वाट काच, सिरॅमिक किंवा स्टीलची हवी. गरम प्लास्टिकचा वास आला तर ते यंत्र नकोच.

एक घोटाळा मात्र टाळायला हवा. २०१९ साली अमेरिकेत व्हेपिंगमुळे, म्हणजे यंत्रातून वाफ ओढण्यामुळे, फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ जण दगावले. त्यात मुख्य संशय होता गांजाच्या अर्काच्या तेलात भेसळ केलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर. ती तेलाच्या कुप्यांची गोष्ट, सुक्या पाल्याची नव्हे. दुकानात दोन्ही ‘व्हेप’च म्हणवतात.

आता आपल्याकडचं. भारतातला २०१९ चा ई-सिगारेट बंदी कायदा निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून ओढायची वाफ काढणाऱ्या विजेच्या उपकरणांना लागू होतो. आत भरलंय काय, हा प्रश्नच तिथे गौण. तेव्हा पुण्या-नाशकात सिगारेट सोडू पाहणाऱ्या कुणी ‘कुठलं यंत्र घेऊ?’ असं विचारलं तर माझं उत्तर औषधाच्या दुकानाकडे बोट दाखवणारं असतं: २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम. ते चिंगमसारखं सतत चघळायचं नाही. हळूहळू चावायचं, तोंडात झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि हिरडी नि गालाच्या मध्ये दाबून ठेवायचं. तंबाखूचा बार भरणाऱ्याला ही जागा वेगळी दाखवावी लागत नाही.